इस्रायल आळी, मशिदीमागे

पेणच्या आमच्या घराचा पत्ता मी पहिल्यांदा इंग्रजीत लिहिला तो दादाच्या पासपोर्टसाठी. मी अकरावीत होते. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, त्यामुळे कुठलाही फॉर्म आला की माझ्यापुढे सरकवला जायचा. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मराठी शाळेतला. त्याला जहाजावर नोकरी धरायची घाई होती.

‘आळी’ इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला दोन ‘ए’ घालतात. नगरपालिकेच्या कागदांवर तसंच असतं. मला ते दोन ‘ए’ बावळट दिसायचे. मी एकच घातला. ‘ळ’ला इंग्रजीत अक्षरच नाही, त्यामुळे ‘इस्रायल आळी’चं वाचताना ‘इस्रायल अली’ झालं. हे मला तेव्हा दिसलं नाही. आई पापड लाटता लाटता मागून म्हणाली, "मशिदीच्या मागं, ते पन लिही गो. नायतर पोस्टमन पत्र वरच्या आळीत टाकतो." मी तेही लिहिलं.

पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराने अंगणात चहा घेतला आणि सही केली. तो पेणचाच होता. त्याला आळी माहीत होती आणि मशीदही माहीत होती.

पेणच्या बाहेर मात्र हे समजावून सांगावं लागतं. आमच्या आळीत पूर्वी ज्यूंची घरं होती. त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. ते मराठीच बोलायचे. बहुतेक जण इस्रायलला गेले, घरं दुसऱ्यांनी घेतली, त्यात एक आमचं. त्यांचं प्रार्थनालय तेवढं राहिलं. जुनी माणसं त्याला मशीद म्हणतात. ती माणसं स्वतःही तेच म्हणायची. मुसलमानांची मशीद गावात दुसरीकडे आहे, आणि कोणती मशीद म्हणायची आहे ते बोलण्याच्या ओघात सगळ्यांना कळतं. आमच्या घरासमोर त्या प्रार्थनालयाची मागची भिंत आहे. मी शाळेचा अभ्यास त्या भिंतीकडे तोंड करून केला.

फोन आला तेव्हा मी कामाला बसले होते. मी घरूनच काम करते. इंग्रजी भाषणांची, बैठकांची रेकॉर्डिंगं येतात, ती ऐकून मी शब्दन् शब्द टाइप करते. लाजाळू माणसाला बरं काम आहे. सगळ्यांचं ऐकायचं, कुणाशी बोलायचं नाही.

फोनवर दादाला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीचा माणूस होता.

"मॅडम, घाबरू नका. तुमचा भाऊ ठीक आहे."

मी हेडफोन काढला आणि दार लोटून घेतलं.

दादाचं जहाज आखातातल्या एका बंदरात दुरुस्तीला लागलं होतं. तो इंजिनरूममध्ये ऑइलर आहे, यंत्रांचं तेलपाणी बघतो. दुपारी बंदराबाहेर जायचा पास काढून तो शहरात फोनची काच बदलायला गेला. दुकान जेवणाच्या सुट्टीला बंद होतं, म्हणून समोर उभा राहिला. रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं. तिथून एक माणूस बाहेर आला, गाडीत बसला, आणि मोटारसायकलवरच्या दोघांनी त्याला काचेतून गोळ्या घातल्या. तो कुठल्यातरी दुसऱ्या देशातून पळून आलेला पुढारी होता. एक सरकार त्याला दहशतवादी म्हणत होतं आणि दुसऱ्याने त्याला आसरा दिला होता. कोणी मारलं हे कोणीच कबूल केलं नाही. संशय तीन-चार देशांवर होता आणि त्यातल्या एकाचं नाव आमच्या आळीच्या पाटीवर होतं.

कॅमेऱ्यात दिसलेले सगळे परदेशी पोलिसांनी उचलले. दादा कॅमेऱ्यात अकरा मिनिटं हॉटेलकडे तोंड करून उभा होता. मग जहाजावरून त्याचा पासपोर्ट मागवला गेला आणि कुणीतरी पत्त्याचं शेवटचं पान वाचलं.

"मॅडम, एक विचारू?" एजन्सीचा माणूस म्हणाला. "हा इस्रायल अली कोण?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी पलंगावर बसले.

आईला मी फक्त एवढंच सांगितलं की जहाजाचे कागद अडकलेत. तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग गो." मी सांगितलं. तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि बराच वेळ हात फडक्याला पुसत राहिली. "तो कुनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय," ती म्हणाली. "काच फुटली म्हनून गेला ना तो?"

टीव्हीवर बातमी होती. मी आवाज बंद करून खालच्या पट्ट्या वाचायची. एका वाहिनीवर ‘खात्मा’ होतं, दुसरीवर ‘हत्या’. मला मराठी बातम्यांमधले हे शब्द उशिरा कळले. लहानपणी ‘अतिरेक्यांना कंठस्नान’ वाचून मी दादाला विचारलं होतं की त्यांना आंघोळ का घातली. दादा लोळून हसला होता, "इंग्लिश मीडियम, शाणी आमची!" आता मी शब्द मोजत होते. ‘खात्मा’ म्हणणाऱ्यांना वाटत होतं बरं झालं, विषय संपला. ‘हत्या’ म्हणणाऱ्यांना मारेकरी हवा होता. मला मनापासून वाटत होतं की सगळ्यांनी ‘खात्मा’ म्हणावं. हे लिहायला बरं वाटत नाही. ज्या माणसाला मारलं त्याचाही कोणी भाऊ, बहीण असेल. पण त्या दिवसांत माझ्या मनात त्यांच्यासाठी जागा नव्हती.

दोनेक महिन्यांपूर्वी माझ्याकडे एका परिसंवादाचं रेकॉर्डिंग आलं होतं. विषय होता आंतरराष्ट्रीय कायदा, दहशतवाद, आणि सरकारांनी दुसऱ्या देशात जाऊन केलेल्या हत्या. तेव्हा माझं लक्ष फक्त स्पेलिंगकडे होतं. आता त्यातलं एकेक वाक्य आठवायला लागलं. विमान पळवणं, ओलीस धरणं, बॉम्ब लावणं, यांच्यासाठी वेगवेगळे करार आहेत, पण दहशतवाद म्हणजे नेमकं काय, यावर सगळ्या देशांचं आजही एकमत नाही. एका देशाने दुसऱ्याच्या जमिनीवर माणूस मारणं कायद्याला मान्य नाही. पण मारणारा देश म्हणतो, आम्ही स्वसंरक्षण केलं, हल्ला होणारच होता. हल्ला होणार होता की नाही ते सांगणाराही तोच. आणि एक वक्ता म्हणाला होता की यात कधी कधी ओळख चुकते, आणि त्याने पत्ता चुकलेल्या पाहुण्याचा एक विनोद सांगितला होता. लोक हसले होते. आमच्या कामाच्या नियमाप्रमाणे मी कंसात ‘हशा’ असं टाइप केलं होतं.

आता त्या कंसात दादा उभा आहे असं वाटायचं. पोलिसांना तो मारेकऱ्यांचा वाटाड्या वाटत होता. आणि मेलेल्याच्या माणसांनी त्याचं नाव ऐकलं तर? त्यांना कोणता कायदा थांबवणार होता? उलट बाजूचंही होतं. ज्यांनी मारलं, त्यांना वाटलं की या माणसाने काहीतरी पाहिलंय, तर? दोन्ही बाजू एकमेकांना दहशतवादी म्हणत होत्या आणि माझा भाऊ मधल्या फुटपाथवर फोनच्या दुकानासमोर उभा होता.

चौथ्या दिवशी एजन्सीच्या माणसाने प्रश्न पाठवले. कंपनीने तिथे वकील दिला होता, त्याला कुटुंबाकडून लेखी उत्तर हवं होतं. इस्रायल अलीशी नातं काय? मशीद कोणती? नकाशावर त्या जागी मशीद दिसत नाही, मग पत्ता खोटा का दिला?

मी फोन केला. फोन करणं मला जड जातं, आधी वाक्यं कागदावर लिहून घेतली. "ते माणसाचं नाव नाही. गल्लीचं नाव आहे. आणि मशीद म्हणजे... ते ज्यूंचं प्रार्थनालय आहे. आमच्याकडे त्याला मशीद म्हणतात."

मग तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे तुमचा भाऊ इस्रायल गल्लीत, सिनेगॉगच्या मागे राहतो?"

"हो."

"हे तर पहिल्यापेक्षा वाईट झालं."

तो वाईट माणूस नव्हता. थोड्या वेळाने त्यानेच परत फोन केला. "एक काम करा. कोणातरी मोठ्या माणसाचं पत्र आणा. त्या सिनेगॉगच्या ट्रस्टीचं वगैरे. लेटरहेडवर. की असं म्हणतात तिकडे, आणि हे हिंदू कुटुंब आहे."

ट्रस्टी म्हणजे काका. आमच्या आळीतलं शेवटचं ज्यू घर त्यांचं. पुढे ते नोकरीमुळे रोह्याला गेले, धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट केल्या, आता निवृत्त. सणाला येऊन प्रार्थनालय उघडायचे आणि आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातचे पोह्याचे पापड खायचे. मी लहान होते तेव्हा त्यांनी मला सायकल शिकवली होती.

मी एसटीने रोह्याला गेले. वडखळच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा एक माणूस चढला आणि रिकाम्या जागा सोडून माझ्या मागे येऊन बसला. नागोठण्याला तो उतरेपर्यंत मी मान वळवली नाही. आदल्या दिवशी आळीच्या तोंडाशी एका गाडीवाल्याने काच खाली करून मला विचारलं होतं, "ताई, इस्रायल आळी हीच ना?" मी "माहीत नाही" म्हणून चालू लागले. तो गणपतीच्या कारखान्याचा पत्ता शोधत होता. हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. तोवर मी घरात जाऊन कडी लावून उभी होते.

काकांनी दार उघडलं. "काय गो बाय, न सांगता? ये, ये. आज बरं मॅडमना आमची आठवण झाली."

काकी आतून पाणी घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. काका मध्ये हसले सुद्धा. "इस्रायल अली! वा! आमच्या शंभर पिढ्या गेल्या, पन ह्यो माणूस आमाला नाय भेटला." मग माझा चेहरा पाहून थांबले. "तुझा भाऊ माझ्या मांडीवर वाढला. कागद दे हिकडं. काय लिहायचं सांग."

लेटरहेड जुनं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर त्यांचं नाव छापलेलं, पत्ता, फोन. मी मजकूर सांगू लागले आणि ते मोठ्या, गोल अक्षरात लिहू लागले. दुसऱ्या ओळीवर काकी म्हणाल्या, "थांबा जरा."

त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या.

"हे पत्र जानार कुटं?"

मी सांगितलं. वकील, पोलीस, तिथलं सरकार.

"म्हंजे यांचं नाव जानार. आनि आमची पोरगी हाय तिकडं इस्रायलात. ती इस्पितळात काम करते. ते शोधतील ना, याचं कोन कोन कुटं हाय?"

"अगो, कोन शोधतंय," काका म्हणाले.

"या पोरीच्या भावाला शोधलाच ना? तो काय काच लावाय गेलेला." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमचा पोरगा तो आमचाच, बाय. पन एक पोर सोडवाय दुसरं पोर लिहून द्यायचं का? तू शिकलेली. तू सांग."

काकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते उचलत नव्हते आणि पुढेही नेत नव्हते. शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मला कळलं, मी आग्रह केला तर ते लिहितील.

मला आग्रह करायचा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तोंडापर्यंत शब्द आले होते की तुमची मुलगी तिथे सुरक्षित आहे, दादा कोठडीत आहे. पण मला माझंच टाइप केलेलं आठवत होतं. नाव एकदा यादीत गेलं की ते कसं गेलं, चुकून की बरोबर, याला उत्तर द्यायला कोणी बांधील नसतं.

"नको काका," मी म्हणाले. "मी दुसरं काहीतरी बघते."

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, मग फाडला. "देऊळ लिही," ते हळूच म्हणाले. "मशिदीचं देऊळ कर. कोन बघाय येतंय?"

"नकाशात दिसतं, काका."

"व्हय. नकाशात दिसतो आमी." काकींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नारळाच्या दुधातलं कालवण होतं. मी ताटातलं सगळं संपवलं.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. आळी म्हणजे गल्ली. आमच्या भागातली जुनी माणसं, ज्यूसुद्धा, प्रार्थनालयाला मशीद म्हणतात. फॉर्म माझ्या भावाने नाही, मी भरला. तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. चुकीचं स्पेलिंग माझं. पत्र लिहिणारी, त्याची धाकटी बहीण. खाली माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोन, सही आणि ओळखपत्राची प्रत.

एजन्सीच्या माणसाने वाचून फोन केला. "मॅडम, इंग्लिश एकदम कडक आहे. पण विचार करा. हे फाइलला लागलं की लागलं. तुमचं नाव मग तिथेच राहणार."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. म्हणजे शब्द माहीत होते. पाठवल्यानंतर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले, कारण माझे दात वाजत होते आणि आईला ते ऐकू जाऊ नये असं वाटत होतं.

आठवडा गेला. काहीच कळेना. वकील म्हणायचा, आज, उद्या. मग एकदम कळलं की सोडलं. जहाजावर परत नाही, थेट विमानात बसवलं.

दादा आला तो हायवेला उतरून रिक्षाने. बॅग लहान होती, बाकी सामान जहाजावरच राहिलं होतं. आईने त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो हसला, तिला "रडतेस काय, मी काय मेलो काय?" म्हणाला. जेवला. मग झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. फोन त्याने चालूच केला नाही. खिडकीला पाठ करून बसायची त्याला सवय लागली होती, आणि रस्त्यावर मोटारसायकल थांबली की तो बोलता बोलता गप्प व्हायचा.

तिसऱ्या दिवशी आई पापड वाळत घालायला गच्चीवर गेली, तेव्हा तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ते पत्र तू लिहिलंस."

"हो." मला वाटलं, आता तो काहीतरी चांगलं बोलेल. मी तयार होऊन बसले होते, खरं सांगायचं तर.

"मी त्यांना सांगितलं होतं, मला बहीण नाही."

मी कीबोर्ड बाजूला सरकवला.

"पहिल्याच दिवशी विचारलं, घरात कोण कोण. मी म्हटलं आई. बस. रोज तेच विचारायचे, वेगवेगळी माणसं येऊन. घरात शिकलेलं कोण? इंग्लिश कोणाला येतं? कॉम्प्युटरवर कोण काम करतं? मी म्हटलं कोणी नाही. आई आणि मी. तुला त्यात आणायचंच नव्हतं." तो नखाने टेबलाची कड खरवडत होता. "मारला नाही त्यांनी. नुसतं विचारायचे. ते जवळजवळ संपलं होतं. एकाने मला चहा पण दिला. सोडणार होते बहुतेक. आणि मग तुझं पत्र आलं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ही कोण?"

"दादा..."

"सात दिवस अजून. फक्त तुझ्यावर. बहीण का लपवलीस? ती काय करते? कोणाचं ऐकून टाइप करते?"

खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. मी माझ्या हातांकडे पाहत होते. माफी मागावीशी वाटली, पण कशाची मागायची ते कळेना. पत्र खरं होतं. त्याचं खोटं माझ्यासाठी होतं. काकींनी मला विचारलेला प्रश्न मी सोडवला असं मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाचं पोर न देता.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुला कसं माहीत असणार, येडे." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, पूर्वीसारखी, पण हात लगेच काढून घेतला. "दाखव बघू काय लिहिलंस."

मी पत्र स्क्रीनवर उघडलं. तो वाकून वाचू लागला. त्याचं इंग्रजी सावकाश, ओठ हलवत. काही शब्दांवर थांबायचा, मी अर्थ सांगायची. खाली माझ्या नावाशी, जन्मतारखेशी, फोन नंबराशी आला, आणि तिथेच राहिला.

"याच्या प्रती किती जणांकडे आहेत?"

मी मनात मोजलं. एजन्सी. कंपनी. वकील. आपली वकिलात. आणि ते ऑफिस, जिथे तो बसला होता.

"पाच," मी म्हणाले. "मला माहीत असलेल्या."